एकच माणूस कामाला ठेवलात तरी: ब्रिटनमधल्या छोट्या मालकांसाठी पेन्शन नोंदणी, पायरीपायरीनं

हॅरोमध्ये एका ताईंचा डब्यांचा व्यवसाय आहे. भाड्याचा छोटा गाळा, दोन मोठ्या शेगड्या, एक फ्रीजर आणि मदतीला दोघीजणी. एका सकाळी त्यांनी मला तातडीनं बोलावलं. लॅपटॉप ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो फ्रीजरवर ठेवून आम्ही उभ्यानंच पत्र वाचलं. पत्र होतं द पेन्शन्स रेग्युलेटरचं, म्हणजे मालक पेन्शनचे नियम पाळतात की नाही हे बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, ४०० पौंडांच्या दंडाचं. त्याआधीची पत्रं कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, म्हणजे त्यांच्या हिशेबनीसाच्या ऑफिसात येऊन पडली होती आणि तिथून पुढे सरकलीच नव्हती. ताई मला परत परत एकच विचारत होत्या: "अहो, माझ्याकडे माणसं दोन. पीएफ तर वीस माणसांवर लागतो ना?"

भारतात लागतो वीसवर. इथे, ब्रिटनमध्ये, पेन्शनचा नियम पहिल्या माणसावर लागतो. मी छोट्या धंद्यांची पगाराची कामं करते आणि आपल्या मराठी मंडळींकडून हा गैरसमज इतक्यांदा ऐकलाय, की सगळं एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. काम अवघड नाही आणि पैसेही फार जात नाहीत. पण यात काही तारखा आहेत, आणि दंड होतो तो बहुतेक वेळा त्या तारखा चुकल्यामुळेच.

थोडी पार्श्वभूमी. नियमात बसणाऱ्या माणसांना पेन्शन योजनेत घालायचं आणि त्यात आपलाही वाटा भरायचा, ही जबाबदारी मालकांवर २००८ च्या पेन्शन कायद्यानं आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरुवात झाली ती सगळ्यात मोठ्या कंपन्यांपासून, मग टप्प्याटप्प्यानं लहानांची पाळी आली. १ ऑक्टोबर २०१७ पासून जो कोणी नव्यानं मालक होतो त्याला टप्पा वगैरे काही नाही. पहिला माणूस ज्या दिवशी कामावर येतो, त्याच दिवशी जबाबदारी सुरू होते.

आधी ठरवा: तुम्ही मालक आहात का?

इथे मालक म्हणजे माणसं कामाला ठेवणारा, नुसता कंपनीचा धनी नव्हे. आपल्याकडे आयटीतले बरेच लोक स्वतःची लिमिटेड कंपनी काढून कंत्राटं घेतात. कंपनीत तुम्ही एकटेच डायरेक्टर असाल आणि दुसरं कोणी कामाला नसेल, तर ही जबाबदारी तुमच्यावर नाही. नवरा-बायको दोघं डायरेक्टर आहेत, बाकी कोणी नाही आणि दोघांपैकी कोणाचाही नोकरीचा करार नाही, तरीही नाही. दोघांपैकी एकाचाच करार असला तरी चालतं. दोघांचेही करार असले, की मात्र कंपनी मालक ठरते. त्या दोघांना पेन्शनमध्ये घालायचं की नाही हे कंपनी ठरवू शकते, पण कळवण्याचं काम सुटत नाही.

मालक नसताना रेग्युलेटरचं पत्र आलं, तर ते फाडून टाकू नका. त्यांच्या वेबसाइटवर "मी मालक नाही" असं कळवायची सोय आहे. तेवढं कळवलंत की विषय मिटतो. न कळवता गप्प बसलात, तर त्यांच्या हिशेबी तुम्ही जबाबदारी टाळणारे मालक असता.

आता ज्यांना आपण मालक आहोत हेच ठाऊक नसतं, त्यांच्याबद्दल. मुलांना सांभाळायला नॅनी ठेवलीत, तिचा पगार तुम्ही देता, कामाची वेळ तुम्ही ठरवता, तर तुम्ही मालक. आईवडील इथे राहायला आले, वडिलांना उठता-बसता मदत लागते म्हणून केअरर थेट तुम्हीच ठेवलात, तरीही मालक. केअरर एजन्सीमार्फत येत असेल आणि तिचा पगार एजन्सी देत असेल, तर ती जबाबदारी एजन्सीची. कौन्सिलकडून डायरेक्ट पेमेंट, म्हणजे देखभालीसाठीचे पैसे थेट तुमच्या हातात, मिळत असेल, तर पेन्शनमधला मालकाचा वाटाही त्या रकमेत धरावा असं कौन्सिलला लेखी सांगा. हे मागायला लोक संकोचतात. संकोचू नका, तो मालकाच्या कायदेशीर खर्चाचाच भाग आहे.

घरची माणसंही यात येतात. मेहुणा दुकानात बसतो आणि त्याला पगार जातो, तर तो कर्मचारी. "ती सेल्फ-एम्प्लॉइड आहे, मला बिल देते" असं म्हणून सुटका होईलच असंही नाही. ती स्वतः येऊन काम करते, आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकत नाही, तुम्ही सांगाल ते आणि सांगाल तेव्हा करते, तर टॅक्ससाठी ती स्वयंरोजगारी असली तरी पेन्शनच्या कायद्यात कामगार ठरू शकते.

तारखा कागदावर उतरवा

ताईंच्या फ्रीजरच्या दाराला आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर चार तारखा आहेत. तुमच्याही भिंतीवर असा कागद हवा, म्हणून तो कसा तयार करायचा ते सांगते.

समजा तुमचा पहिला माणूस १ सप्टेंबर २०२५ ला कामाला लागला. ती झाली पहिली तारीख, सगळं तिच्यापासून मोजायचं. दुसरी तारीख सहा आठवड्यांची, म्हणजे १२ ऑक्टोबर. तोपर्यंत ज्यांना घालायचं त्यांना योजनेत घालून झालेलं हवं आणि प्रत्येकाला पत्र गेलेलं हवं. तिसरी पाच महिन्यांची, म्हणजे ३१ जानेवारी २०२६. तोपर्यंत रेग्युलेटरकडे ऑनलाइन घोषणापत्र भरलेलं हवं. चौथी तीन वर्षांनंतरची, १ सप्टेंबर २०२८. तिच्याकडे शेवटी येऊ.

तिसऱ्या तारखेलाच सगळ्यात जास्त लोक चुकतात. ताईंनी एका बाईंना खरं तर वेळेत योजनेत घातलं होतं, पैसेही भरत होत्या. पण सगळं नीट केलंय असं रेग्युलेटरला कळवायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि एकालाही योजनेत घालायची गरज नसली, तरी हे घोषणापत्र भरावंच लागतं. ही ओळ दोनदा वाचा.

कोणाला घालायचं, कोणाला नाही

इथे दोन गोष्टी पाहायच्या, वय आणि पगार. पुढचे आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत.

वय २२ पूर्ण आणि सरकारी पेन्शनच्या वयाच्या आत, आणि पगार वर्षाला १०,००० पौंडांच्या वर, म्हणजे महिन्याला ८३३ किंवा आठवड्याला १९२ पौंडांच्या वर, असं असेल तर त्या माणसाला घालायलाच हवं. त्याला विचारायचं नाही, त्याची सही घ्यायची नाही. तुम्ही घालायचं आणि तुमचा वाटा भरायचा. सरकारी पेन्शनचं वय एप्रिल २०२६ पर्यंत ६६. तिथून पुढे ते टप्प्याटप्प्यानं ६७.

पगार वर्षाला ६,२४० ते १०,००० च्या दरम्यान असेल, म्हणजे महिन्याला ५२० च्या वर पण ८३३ पर्यंत, तर आपणहून घालायची सक्ती नाही. पण त्यानं मागितलं तर घालावं लागतं आणि तुमचा वाटाही द्यावा लागतो. १०,००० च्या वर कमावणारा, पण वयानं १६ ते २१ चा किंवा सरकारी पेन्शनचं वय ओलांडून ७४ पर्यंतचा, त्यालाही हाच नियम. पगार ६,२४० पर्यंतच असेल, तर मागितल्यास योजनेत सामील करून घ्यायचं, तुमचा वाटा देणं बंधनकारक नाही.

"माझ्याकडे सगळे पार्टटाइम, कोण दहा हजार कमावतंय?" असं मला नेहमी ऐकायला मिळतं. हिशेब करून बघा. एकवीस वर्षं आणि त्यावरच्यांचं किमान वेतन २०२५-२६ मध्ये ताशी १२.२१ पौंड होतं. आठवड्याला सोळा तास धरले तर १९५.३६ पौंड होतात. रेषा १९२ ची. म्हणजे आठवड्यातले चार दिवस, रोज चार तास पोळ्या लाटायला येणारी बाई रेषेच्या वर गेली. दहा हजारांची ही रेषा २०१४ पासून जागची हललेली नाही. तेव्हा, त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून, किमान वेतन ताशी ६.५० पौंड होतं आणि रेषा गाठायला जवळजवळ तीस तास लागायचे. वेतन वाढत गेलं, रेषा तिथेच राहिली. म्हणून दर एप्रिलला किमान वेतन वाढलं की हा हिशेब पुन्हा करा.

चूक होण्याची दुसरी जागा आहे ती सणावाराची. वय आणि पगार दर पगाराला तपासायचे असतात, वर्षातून एकदा नाही. बाकीचं वर्षभर महिन्याला ७०० पौंड घेणारी बाई दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आल्या की जास्त तास काम करते आणि त्या महिन्यात तिचे ९५० होतात. झालं, त्या महिन्यात ती रेषेच्या वर गेली आणि तिला योजनेत घालावं लागतं. नोव्हेंबरमध्ये पगार पुन्हा ७०० वर आला तरी ती योजनेत राहते आणि ५२० च्या वरच्या रकमेवर तुमचा वाटा चालू राहतो.

यावर कायद्यानंच एक सोय ठेवली आहे. माणूस कामाला लागतो तेव्हा किंवा पहिल्यांदा रेषेच्या वर जातो तेव्हा, तीन महिन्यांपर्यंत नोंदणी पुढे ढकलता येते. मुदत संपते त्या दिवशी पुन्हा तपासायचं. तेव्हा पगार रेषेखाली असेल, तर घालायची सक्ती नाही. हंगामी कामासाठी हे फार उपयोगी आहे. फक्त ढकलतोय असं त्या माणसाला सहा आठवड्यांच्या आत लेखी कळवावं लागतं, आणि त्या काळात त्यानं स्वतःहून मागितलं तर नाही म्हणता येत नाही. घोषणापत्राची पाच महिन्यांची तारीख मात्र यामुळे एक दिवसही पुढे जात नाही.

विद्यार्थ्यांबद्दल मुद्दाम सांगते, कारण आपल्या दुकानांमधून, किचनमधून मास्टर्सला आलेली मुलं खूप असतात. व्हिसा कुठलाही असो, मुलगा इथे काम करतो, वय २२ किंवा अधिक, पगार रेषेच्या वर, तर त्याला घालावंच लागतं. सत्र चालू असताना बहुतेकांना आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते, पण रेषा सोळा तासांतच ओलांडली जाते हे वर पाहिलंच.

योजना कुठली घ्यायची

इथे फार डोकं खपवायची गरज नाही असं माझं मत आहे. एक-दोन माणसांसाठी मोठ्या विमा कंपन्या दारात उभं करत नाहीत. नेस्ट ही सरकारनं उभारलेली योजना आहे आणि मालक कितीही छोटा असो, त्याला घेणं तिच्यावर बंधनकारक आहे. मालकाला ती फुकट आहे. कर्मचाऱ्याच्या पैशांतून दर हप्त्यावर १.८ टक्के आणि साठलेल्या रकमेवर वर्षाला ०.३ टक्के कापून घेते. द पीपल्स पेन्शन, नाऊ पेन्शन्स, स्मार्ट पेन्शन याही मोठ्या योजना आहेत. त्यांचे मालकासाठीचे आकार विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र निवडताना जरूर बघा, आणि ती तुमच्यासाठी नसून तुमच्या माणसासाठी आहे. टॅक्सची सवलत दोन तऱ्हांनी मिळते. नेस्टसारख्या योजनेत पगारातून टॅक्स कापल्यानंतर वाटा घेतात आणि योजना सरकारकडून २० टक्के सवलत आणून खात्यात घालते. माणसाचं उत्पन्न १२,५७० पौंडांच्या करमुक्त मर्यादेखाली असलं तरी ही भर त्याला मिळते. दुसऱ्या तऱ्हेत टॅक्सच्या आधीच वाटा कापतात. जो टॅक्स भरतच नाही, त्याला त्याचा तिथल्या तिथे काही फायदा नसतो. २०२४-२५ पासून एचएमआरसी, म्हणजे इथलं टॅक्स खातं, ती तफावत भरून देते, पण वर्ष संपल्यावर. तुमची माणसं कमी पगाराची असतील, तर पहिली तऱ्हाच घ्या. त्यांना पैसे आपोआप मिळतात, मागत बसावं लागत नाही.

पगाराचं सॉफ्टवेअरही याच वेळी तपासा. दहापेक्षा कमी माणसं असणाऱ्यांना एचएमआरसीचं मोफत बेसिक पेयी टूल्स (पेयी म्हणजे पगारातूनच टॅक्स कापून भरायची पद्धत) वापरता येतं आणि बरेच जण तेच वापरतात, पण त्यात कोणाला पेन्शनमध्ये घालायचं हे तपासण्याची सोय नाही. ते काम मग कागदावर किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करावं लागतं. दोनापेक्षा जास्त माणसं असतील, तर पेन्शनचं काम करणारं सॉफ्टवेअर घ्या, असं मी सांगेन. दर महिन्याचा तास-दीड तास वाचतो.

पैसे नेमके किती जातात

एकूण आठ टक्के. त्यात मालकाचे किमान तीन, उरलेले पाच कर्मचाऱ्याचे, आणि त्या पाचातही एक टक्का सरकारच्या सवलतीतून येतो. हे दर ६ एप्रिल २०१९ पासून आहेत. टक्के पूर्ण पगारावर नाहीत. महिन्याला ५२० पौंडांच्या वर आणि ४,१८९ पौंडांपर्यंतचा जो पगार, त्यावर आहेत. काही योजनांत पूर्ण पगारावरही मोजता येतात, पण छोट्या धंद्याला हा साधा मार्ग पुरतो.

ताईंकडे पोळ्या करणाऱ्या बाई घेऊ. वय ५२, आठवड्याला सोळा तास, २०२५-२६ च्या किमान वेतनानं महिन्याचा पगार ८४६.५६ पौंड. त्यातून ५२० वजा केले की उरले ३२६.५६. त्याचे तीन टक्के म्हणजे ९.८० पौंड, हा ताईंचा वाटा. पाच टक्के म्हणजे १६.३३. त्यातले १३.०६ बाईंच्या पगारातून कापले जातात आणि ३.२७ सरकार घालतं. बाईंनी तेरा पौंड दिले आणि त्यांच्या खात्यात २६.१३ जमा झाले.

हे गणित मी त्या दिवशी पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलं. ताई बराच वेळ बघत राहिल्या. महिन्याला दहा पौंडांपेक्षा कमी खर्च, आणि त्यापायी चारशेचा दंड. शिवाय जिला त्यांनी योजनेत घातलंच नव्हतं, त्या दुसऱ्या मुलीच्या मागच्या महिन्यांचा आपला वाटा त्यांना एकदम भरावा लागला. असे हप्ते थकले, तर कर्मचाऱ्याचाही वाटा मालकालाच भरायला लावायचा अधिकार रेग्युलेटरला आहे, हेही लक्षात असू द्या.

मालकाचा वाटा कर्मचाऱ्याच्या पगारातून कापायचा नाही, कुठल्याही नावानं नाही. कर्मचाऱ्याचा स्वतःचा वाटा कापल्यावर हातात येणारी रक्कम किमान वेतनाच्या खाली गेली तरी ते नियमात बसतं. पण सॅलरी सॅक्रिफाइस नावाचा प्रकार, ज्यात पगारच कमी केला जातो, तो किमान वेतनावर काम करणाऱ्यांना करता येत नाही. तसं करून टॅक्स वाचवायला कोणी सुचवलं तर नको म्हणा. तुमचा वाटा हा धंद्याचा खर्च धरला जातो, नफ्यातून वजा होतो, एवढा लाभ सरळ मार्गानं मिळतोच.

पत्र द्या, आणि बाहेर पडायचा निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या

योजनेत घातल्यावर प्रत्येकाला नावानं लेखी कळवायचं. भिंतीवर सूचना लावून किंवा तोंडी सांगून भागत नाही. ईमेल चालतो. कुठली योजना, कधीपासून, किती कापणार, तुम्ही किती घालणार, आणि बाहेर पडायचा हक्क कसा वापरायचा, हे सगळं त्यात हवं. रेग्युलेटरच्या वेबसाइटवर तयार नमुने आहेत, तेच घ्या. ज्यांना घातलं नाही, त्यांनाही पत्र जातं, की तुम्हाला सामील व्हायचा हक्क आहे. पत्र इंग्रजीत असलं तरी एकदा बसवून आपल्या भाषेत समजावून सांगा. ज्या बाईंनी आयुष्यात कधी पे स्लिप बघितली नाही, त्यांना तेरा पौंड कापलेले दिसले की धक्का बसतो. "माझे पैसे का कापले?" हा प्रश्न येण्याआधीच उत्तर दिलेलं बरं.

बाहेर पडायला एक महिना मिळतो. योजनेत घातल्याची तारीख आणि पत्र मिळाल्याची तारीख यांतली जी नंतरची, तिच्यापासून तो मोजतात. अर्ज योजनेकडून घ्यायचा असतो. तुम्ही स्वतः तयार करून पुढे करायचा नसतो. महिन्याच्या आत बाहेर पडलं तर कापलेले पैसे परत मिळतात, आणि ते तुम्ही एका महिन्याच्या आत परत द्यायचे असतात. महिना उलटल्यावर हप्ते थांबवता येतात, पण जमा झालेले पैसे अडकून राहतात. आज ते वयाच्या ५५ व्या वर्षी काढता येतात. ६ एप्रिल २०२८ पासून ती मर्यादा ५७ होणार आहे. आपल्याकडे नोकरी सोडली की पीएफ काढून घ्यायची सवय असते. तशी सोय इथे नाही, हे सुरुवातीलाच सांगा.

आणि इथे एक गोष्ट मी अगदी कळकळीनं सांगते. माणसाला बाहेर पडायला तुम्ही सुचवायचंसुद्धा नाही. "बघ, तेवढे पैसे हातात राहतील" असं म्हणणं, बाहेर पडलास तर ताशी दहा पेन्स जास्त देतो म्हणणं, नोकरी देतानाच "पेन्शन नको ना?" असं विचारणं, हे सगळं बेकायदेशीर आहे. काही मालक हे वाईट हेतूनं करत नाहीत. मुलीला पैशांची चणचण आहे, तिला मदत होईल, असंच त्यांना वाटत असतं. पण मालकाच्या तोंडून आलेला सल्ला हाताखालच्या माणसाला सल्ला वाटत नाही, हुकूम वाटतो. दोन्ही बाजू सांगा आणि थांबा. तिला विचार करू द्या.

घोषणापत्र भरायला बसताना

अर्धा तास बाजूला काढा. हाताशी ठेवा: रेग्युलेटरच्या पत्रावरचा दहा आकडी लेटर कोड, पेयीचा संदर्भ क्रमांक, पहिल्या माणसाची कामावर आल्याची तारीख, योजनेतला तुमचा मालक क्रमांक, आणि किती माणसांना घातलं, किती जणांना नाही, याचे आकडे. मध्येच उठावं लागलं तर माहिती साठवून पुन्हा येता येतं. शेवटी जी पोच मिळते तिची प्रत ठेवा.

हिशेबनीस भरून देत असेल तर चांगलंच. पण जबाबदारी कायद्यानं तुमचीच राहते, म्हणून पोच पाठवायला सांगा आणि ती आली की नाही हे बघा. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता हिशेबनीसाचा असेल, तर रेग्युलेटरच्या नोंदीत तुमचा स्वतःचा ईमेल घाला. ताईंचं पत्र पडून राहिलं ते नेमकं याचमुळे.

मुदत चुकली तर आधी नोटीस येते आणि तीत नवी तारीख दिलेली असते. तीही चुकली तर ४०० पौंडांचा ठरावीक दंड. तरीही काही केलं नाही तर रोजचा दंड सुरू होतो: एक ते चार माणसं असतील तर दिवसाला ५० पौंड, पाच ते एकोणपन्नास असतील तर ५००. म्हणून पत्र आलं असेल तर आजच उघडा. दंड चुकीचा वाटत असेल, तर नोटिशीच्या तारखेपासून २८ दिवसांच्या आत पुनर्विचार मागता येतो आणि त्यानंतर न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पण पत्र मिळालं नाही, हिशेबनीस विसरला, आजारी होतो, अशी कारणं सहसा टिकत नाहीत. नोंदणीकृत पत्त्यावर टाकलेलं पत्र मिळालं असंच धरतात. ताईंनी पुनर्विचार मागितला नाही. दंड भरला, त्याच आठवड्यात घोषणापत्र भरलं आणि रोजचा दंड सुरू होऊ दिला नाही. मला तो निर्णय योग्य वाटला.

पुढे दर महिन्याला, आणि तीन वर्षांनी

दर पगाराला वय आणि पगार तपासायचे, हप्त्याचे पैसे कापायचे, आणि पुढच्या महिन्याच्या २२ तारखेच्या आत योजनेला ऑनलाइन भरायचे. एखाद्या महिन्यात कोणाचा हप्ता नसेल, तर तेही योजनेला कळवा, नाहीतर तिथे तो थकबाकी दिसतो. कोणाला २२ वर्षं पूर्ण झाली, कोण नवीन आलं, यावर लक्ष ठेवा. नोंदी सहा वर्षं ठेवायच्या, बाहेर पडल्याचे अर्ज चार वर्षं. वयाची अट १८ वर आणायचा आणि पहिल्या पौंडापासून हप्ता मोजायचा अधिकार २०२३ च्या एका कायद्यानं सरकारला दिला आहे. तो अजून लागू केलेला नाही, पण पोरंसोरं कामाला असणाऱ्यांनी कान उघडे ठेवावेत.

आता कागदावरची चौथी तारीख. दर तीन वर्षांनी, जे बाहेर पडले होते आणि अजून तुमच्याकडे आहेत, त्यांना वय-पगार बसत असेल तर पुन्हा योजनेत घालावं लागतं. त्यासाठी तिसऱ्या वर्षदिनाच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन महिने, यांतला एक दिवस तुम्ही निवडायचा. आपल्या उदाहरणात तो १ जून ते ३० नोव्हेंबर २०२८ मधला कुठलाही. पुढे ढकलायची सोय इथे चालत नाही. त्यानंतर पुन्हा घोषणापत्र, ३१ जानेवारी २०२९ च्या आत, आणि पुन्हा तेच: घालण्यासारखं कोणी नसलं तरी भरायचं. माणसांना परत घातल्यावर बाहेर पडायचा महिना त्यांना पुन्हा मिळतो. तीन वर्षांपूर्वी नको म्हणणाऱ्या बाई या वेळी राहतात, असं मी पाहिलंय. मुलं मोठी झालेली असतात, हाताशी थोडं जास्त असतं.

माणूस काम सोडतो तेव्हा योजनेला शेवटची तारीख कळवा. खातं त्याचंच राहतं, तो पुढे जिथे जाईल तिथे. ताईंकडची ती दुसरी मुलगी, नाशिकची विद्यार्थिनी, शिक्षण संपल्यावर परत गेली. जाण्याआधी आम्ही तिच्याकडून तीन गोष्टी करून घेतल्या. योजनेतला युनिव्हर्सिटीचा ईमेल बदलून स्वतःचा घातला, कारण युनिव्हर्सिटीचा बंद होतो. नाशिकचा घरचा पत्ता आणि भारतातला फोन नंबर नोंदवला. आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि सभासद क्रमांक एका कागदावर लिहून तिच्या पदवीच्या फाइलमध्ये ठेवायला सांगितला. खात्यात फार नव्हतं, पण ती सत्तावन्न वर्षांची होईपर्यंत ते तिथे वाढत राहणार आहे.